कोकणातलं ज्यू कबरस्तान: एकाच दगडावर दोन सालं, आणि मधे तीन वर्षांचा फरक

खारेवारा

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

निवृत्त झाल्यापासून एक नाद लागलाय. रविवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून निघायचं आणि अलिबाग, पेण, रोहा या पट्ट्यातल्या बेने इस्रायली कबरस्तानांत जाऊन दगड वाचायचे. मी ज्यू नाही, इतिहास शिकलेलो नाही. हिब्रू अक्षरं साठीनंतर गिरवली, त्यामुळे माझं वाचन बालवाडीतल्या पोरासारखं, अक्षराला बोट लावून चालतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेने इस्रायल हे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. केहीमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी गावावरून पडलेली आडनावं. पूर्वी तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून 'शनिवार तेली'. त्यांची परंपरा सांगते, की फार पूर्वी एक गलबत चौलच्या उत्तरेला, खांदेरी-उंदेरीच्या आसपास फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं नवगावला लागली, आणि बुडालेल्यांना तिथेच दोन उंचवट्यांखाली पुरलं, पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून काढला (छापला गेला १९३७ मध्ये, थेट तेल अवीवला), त्यात ही हकिगत आहे. साल ते इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमाराचं धरतात. नवगावला आज स्मारक आहे, इस्रायलहून आलेली मंडळी तिथे आवर्जून जातात.

माझी अडचण नवगावची नाही. नवगावच्या जुन्या कबरींवर अक्षर नाही, त्यामुळे माझ्यासारख्याने बोलावं असं तिथे काही नाही. अडचण दुसऱ्याच एका गावातल्या दगडाची आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, राखणदार कोणी नाही आणि कुंपण अर्धं पडलंय.

काळा पाषाण, गुडघ्याएवढा उंच. वर 'पे' आणि 'नून' ही दोन अक्षरं, म्हणजे 'इथे पुरलं आहे'. त्याखाली हिब्रूची दीड ओळ. मग मराठी, देवनागरीत. नाव एका बाईचं आहे, ते इथे लिहीत नाही. हिब्रूच्या शेवटी तारीख: आधी 'तेत', 'वाव', मग एलूल महिन्याचं नाव, मग सालाची चार अक्षरं: ताव, रेश, मेम, हे.

हिब्रूत अक्षर हाच आकडा. ताव ४००, रेश २००, मेम ४०, हे ५. झाले ६४५. त्यात १२४० मिळवले की इसवी सन, म्हणजे १८८५. मराठी ओळीत मात्र स्वच्छ 'शके १८१०' आहे, शिवाय एक 'श्रा' दिसतं (फोटो जोडलाय). अधिक ७८ म्हणजे १८८८. बाई एकच, दगड एकच, आणि मधे तीन वर्षं. पाथरवट चुकला, की मी?

---

अर्धाकप

वाचतोय. पण १२४० का मिळवायचे? माझ्या डोक्यावरून गेलं.

---

खारेवारा

@अर्धाकप, ज्यू कालगणना सृष्टीच्या उत्पत्तीपासून चालते, सध्या सत्तावन्नशेच्या घरात आहे. दगडावर पाच हजार लिहीत नाहीत, गाळतात. आपण 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतो, एकोणीसशे गाळतो, तसंच. ६०० असं कोरलेलं असलं तर ते ५६००, म्हणजे १८४०. एक गोम आहे. त्यांचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात तिश्री महिन्याने सुरू होतं, म्हणून तिथपासून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर १२३९ मिळवायचे. एलूल हा वर्षातला शेवटचा महिना, त्यामुळे इथे १२४० च.

---

भुईकोट

धागा रोचक आहे, पण एक खडा टाकतो. इसवी सनापूर्वी १७५ ला पुरावा काय? गलबत फुटलं, चौदा जण, प्रेतं किनाऱ्याला लागली... ही गोष्ट आम्ही चिपळूणकडचे लोक लहानपणापासून ऐकतोय. परशुरामाने समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेतं जिवंत केली आणि त्यांचे चित्पावन झाले. त्याच किनाऱ्यावर, तोच आकडा. कोणी कोणाकडून घेतली ते सांगा आधी. दगडावर अक्षर नाही, उत्खनन नाही, आणि 'पवित्र स्थळ' म्हणून मोकळे.

---

जुनं खोड

भुईकोट, खडा योग्य जागी पडलाय. दोन्ही कथांतलं साम्य अभ्यासकांनीही नोंदवलंय, कोणी कोणाकडून घेतली ते आज ठरवणं कठीण. बेने इस्रायल नेमके कधी आले यावर एकमत नाही. २०१६ मध्ये त्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पश्चिम आशियातले ज्यू आणि स्थानिक भारतीय अशा दोन्ही धारा दिसल्या, आणि त्यांची सरमिसळ १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची असावी असा अंदाज निघाला. म्हणजे बाहेरून येऊन इथे मिसळलेत हे खरं. १७५ हे साल मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

पण 'पवित्र स्थळ म्हणून मोकळे' हे पटलं नाही. या जागांचा अभ्यास करताना प्रश्न दोन असतात आणि ते वेगळे ठेवावे लागतात. खाली कोण आहे, हा एक. लोक इथे कधीपासून आणि कोणाच्या नावाने येताहेत, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'माहीत नाही' आलं तरी दुसऱ्याचं सविस्तर देता येतं.

जेरुसलेमचं उदाहरण घ्या. ऑलिव्ह डोंगराच्या पायथ्याशी, किद्रोन दरीत, खडकातून कोरून काढलेलं एक थडगं आहे, वर शंकूसारखी टोपी. लोक त्याला 'याद अवशालोम' म्हणतात. अवशालोम म्हणजे दावीद राजाचा बंडखोर मुलगा. बायबलमधल्या शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात आहे, की त्याने मुलगा नाही म्हणून जिवंतपणीच स्वतःचा स्तंभ उभारला. या थडग्यापाशी लोक शतकानुशतकं पोरांना घेऊन यायचे, 'बापाविरुद्ध जाणाऱ्याचं असं होतं' असं सांगायचे आणि त्यावर दगड मारायला लावायचे. आता थडग्याची घडण बघा. ग्रीक धाटणीचे खांब, इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं काम. दावीदचा काळ त्याच्या हजारेक वर्षं आधीचा. म्हणजे अवशालोमचा याच्याशी काही संबंध नाही.

मजा पुढे आहे. २००३ मध्ये त्याच भिंतीवर झिजलेला एक ग्रीक लेख ओळखला गेला, चौथ्या शतकाच्या सुमाराचा. त्यात हे थडगं जखऱ्याचं, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वडिलांचं, म्हटलंय. अक्षर सापडलं, पण तेही थडग्यानंतर तीनशे वर्षांचं आणि दुसऱ्याच धर्माच्या भाविकाचं! दगडावर लिहिलंय म्हणून खरं, असंही नाही मग. खाली कोण आहे ते कळलं नाही, पण चौथ्या शतकात तिथे कोण, कोणाच्या नावाने डोकं टेकवत होतं ते कळलं.

---

भुईकोट

@जुनं खोड, हे आवडलं. दोन प्रश्न वेगळे, मान्य. पण मग नवगावला 'दोन हजार वर्षांपूर्वीच्या कबरी' असं बेधडक सांगू नये, 'दोन हजार वर्षांची आठवण' म्हणावं. तेवढंच म्हणणं होतं.

---

जुनं खोड

'दोन हजार वर्षांची' हेही गाळा, नुसतं 'आठवण' म्हणा. :)

---

अश्दोदची मावशी

मी हा धागा माझ्या भाच्याने पाठवला म्हणून वाचते आहे. मी बेने इस्रायल. जन्म मुंबईचा, भायखळ्याला वाढले, आता चाळीस वर्षं इथे इस्रायलात, अश्दोदला. मराठी टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

भुईकोट भाऊ, तुम्ही पुरावा मागता तो मागा. आम्ही नवगावला जातो ते पुरावा बघायला नाही. माझ्या आजीने मला हात धरून नेलं होतं, तिला तिच्या आजीने. आजी उंचवट्याजवळ काही बोलली नाही, एक लहानसा खडा ठेवला आणि बाजूला झाली. आमच्यात कबरीवर फुलं घालत नाहीत, खडा ठेवतात. बाहेर पडताना हात धुतात. परत येताना आम्ही खंडाळ्याला गेलो, घाटावरचा खंडाळा नव्हे, अलिबागजवळचा. तिथे खडकावर एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलीया संदेष्ट्याच्या, रथाची खूण आहे, आम्ही 'टापा' म्हणतो. तिथे मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. नवगावला मात्र खायचं नाही, असं आजीने बजावलं होतं. कबरस्तानात खाणंपिणं हा मेलेल्यांचा अपमान, ते आता खाऊ शकत नाहीत ना.

कबरस्तानाला आमच्या भाषेत नावं काय, ते पण सांगते. बेत केवारोत म्हणजे कबरींचं घर. बेत ओलाम म्हणजे कायमचं घर. आणि बेत हाखायिम म्हणजे जिवंतांचं घर! लहानपणी मला हे फार विचित्र वाटायचं.

खारेवारा, त्या बाईचं नाव इथे लिहिलं नाहीत, बरं केलंत. दगडाच्या शेवटी पाच अक्षरं आहेत का? ताव, नून, त्साडी, बेत, हे?

---

खारेवारा

@अश्दोदची मावशी, तुम्ही लिहिलंत याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही. हो, आहेत! अगदी तळाशी, निम्मी मातीत. मी ती आधी सालच समजून बसलो होतो आणि बेरीज ५४७ आली. बाई एकदम १७८७ मध्ये गेल्या. मग कळलं ते वाक्याचं संक्षेप आहे.

---

अश्दोदची मावशी

हो, तुमच्यासारखे पुष्कळ फसतात. 'तिचा जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो.' शमुवेलच्या पुस्तकातलं आहे, अबीगईल दावीदला म्हणते ते. मराठीत माझी आई 'जिवाची पुरचुंडी' म्हणायची.

---

निळी शाई

प्राग शहरातून लिहितोय, चार वर्षं इथे नोकरीला आहे. घरापासून दहा मिनिटांवर जुनं ज्यू कबरस्तान आहे, म्हणून भर घालतो.

जागा अगदी छोटी. ज्यू वस्तीला वाढायला जमीन दिली नाही आणि आपल्या माणसांना जागेवरून हलवणं त्यांच्या धर्मात बसत नाही. मग त्यांनी वर माती टाकली आणि तिच्यात पुढच्या पिढीला पुरलं. पुन्हा माती, पुन्हा पुढची पिढी. काही ठिकाणी असे बारा थर असल्याचं सांगतात. प्रत्येक वेळी खालचा दगड उचलून वर आणून रोवायचा. त्यामुळे आज सुमारे १२,००० दगड एकमेकांवर रेललेत, गर्दीच्या लोकलमध्ये माणसं रेलतात तसे. दगडाखाली त्याचा माणूस आहेच असं नाही, पण त्या जागी खाली कुठेतरी आहे.

सर्वांत जुना दगड १४३९ चा, आविगदोर कारा नावाच्या धर्मपंडित कवीचा. शेवटचं दफन १७८७. त्यानंतर सम्राट दुसऱ्या जोसेफच्या हुकमाने शहराच्या वस्तीत पुरणं बंद झालं. (खारेवारा, तुमच्या बाई चुकून गेल्या तेच साल.) रब्बी (ज्यू धर्मगुरू) लोएव इथेच आहेत, १६०९ मध्ये वारले. त्यांच्या थडग्याच्या फटींत लोक चिठ्ठ्या कोंबून जातात, नवसाच्या.

चित्रं बघण्यासारखी. आशीर्वादाला उचललेले दोन पंजे असले की माणूस कोहेन, पुरोहितांच्या कुळातला. पाण्याचा तांब्या असला की लेवी, कारण तो कोहेनांचे हात धुतो. सिंह म्हणजे नाव यहूदा किंवा आर्ये, हरीण म्हणजे त्स्वी किंवा हिर्श. कात्री म्हणजे शिंपी. अक्षर न येणाऱ्यालाही माणूस कळतो. खारेवारा, तुमच्याकडे चित्रं दिसतात का?

---

खारेवारा

@निळी शाई, गावाकडच्या दगडांवर मला तरी आजवर दिसली नाहीत. सहा टोकांची चांदणी दिसते, तीही अलीकडच्या दगडांवर. आमचे दगड बोलायला कंजूष. त्यापेक्षा पुण्याला लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहाच्या, आवारात डेव्हिड ससूनची कबर बघा, तिला स्वतंत्र इमारत आहे. ते १८६४ मध्ये पुण्यात वारले. पण ससून बगदादी ज्यू, त्यांची गोष्ट वेगळी, पैसाही वेगळा. चिंचपोकळीचं कबरस्तान त्या बगदाद्यांचं. बेने इस्रायलींचं वरळीला, ई. मोझेस रोडवर. तो रस्ता ज्यांच्या नावाचा, ते मोझेस मुंबईचे महापौर होते.

---

शेवटची बस

जेरुसलेमच्या डोंगराचा विषय निघालाय तर सांगतो. २०१८ ला आम्ही कंपनीच्या कामाला गेलो होतो. गाइड म्हणाला दीड लाख कबरी. इतरत्र सत्तर हजारही वाचलंय, आकड्यांवर जाऊ नका. पण डोळ्यांना दिसतं ते असं, की आख्खा उतार पांढऱ्या दगडांनी भरलाय आणि सगळ्यांचे पाय ज्यूंचं प्राचीन मंदिर होतं त्या टेकडीकडे. मसीहा, म्हणजे तारणहार, येईल तेव्हा उठून सरळ चालायला लागायचं. जखऱ्या संदेष्ट्याच्या ग्रंथात (थडग्यावरच्या लेखातला जखऱ्या वेगळा) त्या दिवशी देवाचे पाय ऑलिव्ह डोंगरावर टेकतील असं म्हटलंय, म्हणून इथली जागा सगळ्यात मोलाची. १९४८ ते ६७ डोंगर जॉर्डनकडे होता, तेव्हा हजारो दगड उखडून बांधकामाला, फरशीला वापरले गेले. आमच्या गाइडने पायरीतलं एक हिब्रू अक्षर दाखवलं होतं.

आणि हेब्रोनला तर आजही

*(प्रतिसादाचा पुढचा भाग व त्यावरचे सात उपप्रतिसाद संपादित. – प्रशासक)*

---

प्रशासक

मंडळी, धागा कबरींच्या इतिहासाचा आहे. सध्याच्या युद्धावर स्वतंत्र धागे आहेत, तिथे भांडा.

---

जुनं खोड

प्रशासक, कात्री योग्य चालवलीत, पण हेब्रोन विषयाबाहेरचं नाही, म्हणून इतिहासापुरतं लिहितो.

उत्पत्तीच्या पुस्तकात तेविसावा अध्याय आख्खा एका जमिनीच्या सौद्याचा आहे. सारा वारली. अब्राहाम परका माणूस, पुरायला जागा नाही. एफ्रोन नावाचा हित्ती म्हणतो, फुकट घे. अब्राहाम फुकट घेत नाही, चारचौघांसमोर ४०० शेकेल चांदी तोलून देतो. साक्षीदार, चतुःसीमा, शेतातली झाडं, सगळं नोंदलंय. सातबारा म्हणा! ती हेब्रोनची मखपेलाची गुहा. तिच्यावर आज उभं असलेलं अवाढव्य दगडी आवार हेरोद राजाच्या काळातलं, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. त्याच्या आत पुढे चर्च झालं, मशीद झाली, क्रुसेडवाले येऊन गेले, पुन्हा मशीद. ज्यूंसाठी ती पूर्वजांची गुहा, मुसलमानांसाठी हजरत इब्राहिमची मशीद. नाव एकाच माणसाचं.

आपल्याला हे फार परकं वाटायला नको. ज्या दर्ग्याला आणि समाधीला एकच माणूस दोन नावांनी झोपलाय, अशी गावं महाराष्ट्रातही आहेत.

---

अर्धाकप

एक बाळबोध प्रश्न. ज्यू म्हणजे हिब्रू लेख, असंच ना सगळीकडे? मग शोधायला सोपं आहे की.

---

जुनं खोड

उलट. हैफाजवळ बेत शआरीम नावाचं ठिकाण आहे, डोंगराच्या पोटात कोरलेली भुयारी थडगी. १९३६ पासून खणायला घेतलं, २०१५ मध्ये जागतिक वारसा झालं. मिश्ना, म्हणजे ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ, संकलित करणारे रब्बी यहूदा हानासी तिथे पुरले गेले असं ग्रंथ सांगतात. १३५ मध्ये रोमनांनी बार कोखबाचं बंड मोडून ज्यूंना जेरुसलेमात यायला बंदी केली, ऑलिव्ह डोंगर तुटला. मग सगळ्यांना या रब्बींच्या शेजारी जागा हवीशी झाली. बैरूत, पालमिरा, पार येमेनकडूनही मयतं आली. तिथले जवळपास तीनशे लेख वाचलेत, आणि त्यांतले बहुसंख्य ग्रीक! देवाशी हिब्रू, बाजारात ग्रीक. आपल्या खारेवाऱ्यांच्या बाईंचा दगड तसाच आहे: वर हिब्रू, खाली मराठी.

आणि भारतातला सर्वांत जुना हिब्रू लेख म्हणून जो सांगतात तोही बाईच्याच कबरीचा. केरळात चेंदमंगलमला, 'सारा, इस्रायलची मुलगी'. साल साधारण १२६९, पण दगडावर ते सृष्टीच्या उत्पत्तीपासून नाही मोजलेलं. अलेक्झांडरच्या सेनापतीने, सेल्युकसने, सुरू केलेला शक आहे. तेव्हा खारेवारा, अर्धाकप आणि सर्वच होतकरू: आधी कुठला शक ते बघा, मग बेरीज करा.

---

दगडाची वही

उशिरा आलो. दगडांचं जतन हा माझा रोजचा धंदा, म्हणून चार शब्द. खारेवारा, तुमचा फोटो बघितला. दुपारी बाराचा आहे. दुपारी बाराला कोरलेलं अक्षर दिसत नाही, सावलीच पडत नाही. सकाळी सात किंवा संध्याकाळी साडेपाच. नाहीतर बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने मारा, समोरून नाही. उथळ रेघसुद्धा उठून येते. सोबतीला एक माणूस आणि काळी छत्री न्या, ऊन आडवायला.

काय करू नका तेही सांगतो. खडू घासू नका, चुना भरू नका, दाढीचा फेस लावू नका. तारेचा ब्रश तर हातातही धरू नका. एका ठिकाणी (नाव सांगत नाही) उत्साही मंडळींनी 'स्वच्छता मोहीम' काढली आणि एका दिवसात तारेच्या ब्रशने ओळ न् ओळ पुसून टाकली. दगड चकचकीत, इतिहास गायब. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि दगडफूल ओलं करून बांबूच्या काडीने हलकेच. पापुद्रे सुटत असतील तर तेही नाही.

आता तुमचं साल. शेवटचं अक्षर तुम्ही 'हे' वाचलंय. 'हे' आणि 'खेत' या अक्षरांत फरक एवढाच, की 'हे'चा डावा पाय वरच्या आडव्या रेघेपासून सुटलेला असतो, 'खेत'चा चिकटलेला. कोकणात चार महिने पाऊस वरून खाली वाहतो, आणि सांध्याची बारीक रेघ आधी झिजते. झिजलेला 'खेत' हुबेहूब 'हे' दिसतो. 'खेत' म्हणजे ८.

बेरीज परत करा.

---

नाममात्र

६४८. अधिक १२४०. १८८८!!

शके १८१० बरोबर. पाथरवट पास, खारेवारा नापास. :)

पण थांबा, मला त्या 'तेत' 'वाव'ने रात्रभर झोपू दिलं नाही. ९ आणि ६. खारेवारा, तुम्ही याचा अर्थ काय लावला होतात?

---

खारेवारा

नापास मान्य! तेत-वावचं मी 'नववा किंवा सहावा, काहीतरी' असं वहीत लिहून सोडून दिलं होतं. लाज वाटते सांगायला.

---

अश्दोदची मावशी

अहो, ९ आणि ६ मिळून १५. पंधरा खरं तर १० आणि ५, म्हणजे योद आणि हे लिहायला हवं. पण ती दोन अक्षरं जवळ आली की देवाच्या नावाचा तुकडा होतो, म्हणून लिहीत नाहीत. सोळालाही तसंच, ९ आणि ७. शाळेत पहिल्याच आठवड्यात शिकवतात. म्हणजे त्या बाई १५ एलूलला गेल्या.

एलूल महिन्यातल्या उपासांना आमचे जुने लोक 'रमजान' म्हणायचे, माहीत आहे? मुसलमान शेजाऱ्यांचं नाव घेतलं आणि आपले उपास केले. तशीच योम किप्पुरला 'दारफाळणीचा सण', आणि जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवशीच्या उपासाला 'बिरड्याचा सण', त्या दिवशी वालाचं बिरडं करत म्हणून.

---

नाममात्र

मावशी, आता मी पंचांग घेऊन बसतो, बघा जमतंय का.

ज्यू महिना अमावास्येनंतरच्या चंद्रापासून सुरू होतो. आपला महाराष्ट्रातला महिनाही अमावास्येनंतर शुद्ध प्रतिपदेला सुरू होतो. दोघंही मधूनमधून जादा महिना घालून ऋतूंशी मेळ राखतात. म्हणजे त्यांच्या महिन्याची १५ तारीख आणि आपली पौर्णिमा एका दिवसाच्या फरकाने जुळायलाच हवी, कुठल्याही सालात! महिन्याचं नाव कुठलं तेवढं शोधायचं. १८८८ मध्ये त्यांचं नवं वर्ष ६ सप्टेंबरला लागलं. एलूल २९ दिवसांचा, मागे मोजत गेलो तर १५ एलूल येतो २२ ऑगस्टला. आणि त्या चांद्रमासात सूर्य सिंहेत जातो, म्हणजे आपला श्रावण.

खारेवारा, तुम्ही मराठी ओळीत 'श्रा' दिसतं असं फोटोखाली लिहिलंय. त्याच्या पुढे 'शु।। १५' असलं पाहिजे. नसेल तर माझं गणित चुकलं.

---

भुईकोट

श्रावण शुद्ध १५ म्हणजे नारळी पौर्णिमा की हो.

---

शेवटची बस

अंगावर काटा.

---

अर्धाकप

रविवारपर्यंत थांबायचं? खारेवारा, रजा नाही लागत ना तुम्हाला आता, उद्याच जा.

---

खारेवारा

आत्ताच परत आलो. रविवारपर्यंत दम निघाला नाही. सकाळी सव्वासहाला पोचलो, सोबत भाचा, छत्री, दोन बॅटऱ्या आणि पाण्याचा फवारा. भाच्याला टोपी घालायला लावली, मीही घातली.

आधी सालाचं अक्षर. बॅटरी उजवीकडून मारली तर 'हे'. डावीकडून, अगदी दगडाला टेकवून मारली, तर डाव्या पायाच्या वर केसाएवढी खाच दिसली, आडव्या रेघेला भिडलेली. 'खेत' आहे. दगडाची वही, तुम्हाला साष्टांग.

मग मराठी ओळ. 'श्रा' नंतर दगडफुलाची रुपयाएवढी चकती होती. ओली केली, दहा मिनिटं थांबलो, बांबूच्या काडीने कडेकडेने सोडवली. आधी एक उभा दंड दिसला, मग दुसरा. मग १. मग भाचा म्हणाला, "मामा, हा पाच आहे की चार?" छत्री धरली, पुन्हा बॅटरी.

पाच आहे.

नाममात्र, फोटो टाकतोय. मावशी, नाव झाकून टाकतोय, काळजी नको. निघताना दगडावर एक खडा ठेवला. आधीपासून तिथे एक होता. मी मागच्या खेपेला ठेवलेला नाही, कारण तेव्हा मला ही रीत माहीतच नव्हती.

---

अश्दोदची मावशी

कुठलं गाव ते मला व्यक्तिगत संदेशात कळवाल का?